परतीची वायर

शनिवार, ६ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. आई, बाबा आणि मी बरे आहोत. बाबांचा डावा गुडघा बरा नाही. बाकीची खुशाली आई तुला फोनवर सांगतेच, ती इथे पुन्हा लिहीत नाही. माझं पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर मी मधेच विषय बदलते. कागदावर बदलला तर निदान दिसतो.

पत्राचं कारण डबी, आपली ती बॅटरीवरची छोटी गाडी. नऊ वर्षं ती शेडमध्ये विटांवर उभी होती. आता शनिवार-रविवार मी ती खोलायला घेतली आहे. तिला पुन्हा रस्त्यावरची गाडी करण्यात अर्थ नाही. पत्रा सडला आहे, डावं दार उघडलं तर हातातच आलं. पण सांगाडा ठणठणीत आहे आणि मोटर हाताने फिरवली तर गुळगुळीत फिरते. म्हणून तिची बग्गी करते आहे, दगडमातीतून, चढावरून जाईल अशी. बाबांना जुन्या खाणीच्या तळ्यापर्यंत जायचं असतं, आणि गुडघा अर्ध्या वाटेवरच संप करतो.

बग्गी म्हटल्यावर बाबा म्हणाले, "मग घोडा कुठाय?" तेव्हापासून मोटरचं नाव घोडा पडलं आहे.

छप्पर, दारं, मागची काच काढली. वजन सातशे दहा किलोवरून चारशे नव्वदवर आलं. पोट जमिनीपासून बारा सेंटिमीटरवर होतं, आता बावीसवर आहे. चाकं मोठी केली की गाडी उंच होते पण चढावर ओढ कमी पडते, म्हणून गिअरही बदलावा लागला. वरचा पाइपचा पिंजरा कोपऱ्यावरच्या वेल्डरने करून दिला. त्याने विचारलं, "ताई, यात वाघ ठेवणार का?" बाबा स्टुलावरून म्हणाले, "ठेवायचा नाही, तीच चालवणार आहे." आई म्हणते, घरात तिच्याशिवाय दोन माणसं आहेत आणि दोघंही गाडीशीच बोलतात.

आता दोन प्रश्न.

पहिला. सीटखालून मोटरकडे जाणाऱ्या केबलवर एक दोरा सापडला, मोटरचं वाइंडिंग बांधायला बाबा त्यांच्या मोटरच्या दुकानात वापरायचे तोच. त्यावर तीन गाठी आहेत. बाबा प्रत्येक केबलला असे गाठींचे दोरे बांधायचे हे आठवतं. गाठींचा अर्थ आठवत नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, "सवय होती," आणि चहा मागितला.

हे विचारते आहे म्हणून तेही लिहिते. नऊ वर्षांपूर्वी त्या रविवारी तू डबीच्या बॅटऱ्या साफ करायला काढल्या होत्यास. केबलवरचे दोरे कापले गेले आणि तिथे रंगीत टेप आली. सोमवारी सकाळी बाबांनी जोडणी केली ती उलटी झाली आणि कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज मोजून देणारा तो डबा, धूर काढून गेला. इथपर्यंत मला समजतं. एक शब्द समजत नाही. बाबा तुला म्हणाले होते, "माझी थट्टा करतोस?" टेप लावण्यात थट्टा कसली? नुकसान केलंस म्हणाले असते तर पटलं असतं. महिन्याभरात तू घर सोडलंस, आणि तुम्ही दोघं अजून एकमेकांशी बोलत नाही. एका कंट्रोलरच्या मानाने हे फार आहे.

दुसरा प्रश्न. तुझं वजन किती? मागे तिसऱ्या सीटला जागा निघते आहे. स्प्रिंगच्या गणितासाठी आकडा हवा, बाकी काही नाही.

तुझी,
धाकटी


रविवार, २८ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. "एक गाठ जाणारी, दोन गाठी परतीची, तीन मोटरची. शब्दाचं बाबांनाच विचार." वजन लिहिलं नाहीस.

मी लगेच विचारलं नाही. आधी तपासलं. काम करताना मला एक गोष्ट दिसली होती. मी बाबांना "ती हिरवी वायर द्या" म्हटलं की ते खोक्यात हात घालून थांबायचे, मग म्हणायचे, "जाडी की बारकी?" म्हणून एका जाडीचे, एका लांबीचे तुकडे कापून खोक्यात टाकले: काळे, पिवळे, लाल, हिरवे. आठवडाभर रोज संध्याकाळी सहज मागत गेले आणि वहीत खुणा केल्या. काळा आणि पिवळा प्रत्येक वेळी बरोबर. लाल-हिरवा चौदा वेळा मागितला, सात वेळा बरोबर. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं.

आठव्या दिवशी मी खोक्यातून लाल तुकडा उचलला आणि विचारलं, "बाबा, हा कोणता रंग?"

त्यांनी तुकड्याकडे पाहिलंच नाही. "तुझ्या दादाला ठाऊक आहे," म्हणाले. "दुकानात एकदा रंग चुकताना त्याने मला पकडलं होतं. कुणाला सांगू नकोस म्हटलं, तर नाही सांगितलं त्याने. तुझ्या आईलासुद्धा नाही."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"मोटरच्या दुकानदाराला वायरचा रंग कळत नाही, हे कुणाला सांगायचं?"

"मी हसले नसते."

"हसली नसतीस. तपासलं असतंस."

माझी वही समोरच उघडी पडली होती.

म्हणजे थट्टा या शब्दाचा अर्थ असा. घरात ही गोष्ट तुलाच माहीत होती. दोऱ्यांच्या जागी रंगीत टेप आली एवढंच त्यांना कळलं, लाल कुठली आणि हिरवी कुठली ते दिसलं नाही. आणि ती तू लावलीस असं त्यांना वाटलं.

मागच्या पत्रात मी "दोरे कापले गेले" असं लिहिलं आहे. ते वाक्य चूक आहे. दोरे मी कापले.

त्या रविवारी तू आत हात धूत होतास. दोरे तेलाने काळे झाले होते, आणि शाळेच्या प्रयोगशाळेत आम्हाला नुकतंच शिकवलं होतं की वायर रंगाने ओळखायची. जाणारीला लाल लावली. परतीला काळी लावायला हवी होती, पण केबलच काळी, तिच्यावर काळी टेप दिसली नसती. म्हणून हिरवी घेतली. नीट विचार करून घेतली, दादा. सगळे तुकडे पट्टीने मोजून चार-चार सेंटिमीटरचे कापले. घरात असं कापणारं माणूस एकच होतं. सोमवारी बाबांनी "दोरे कुणी कापले?" विचारलं तेव्हा तू टेपकडे पाहिलंस, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे, आणि म्हणालास, "मी."

मी पंधरा वर्षांची होते. हे कारण पहिल्या दिवसापुरतं चालतं. पुढच्या नऊ वर्षांना चालत नाही. एवढ्या काळात कितीतरी वेळा बोलायला गेले आणि विषय बदलला.

काल सकाळी बाबांना सांगितलं. ते नट आवळत होते. पाना खाली ठेवून म्हणाले, "तेव्हा का नाही बोललीस?"

"घाबरले होते."

"मला?"

"हो."

"आणि तो? त्याला एका शब्दात सुटता आलं असतं."

"त्याने मला वाचवलं. आणि तुमचंही कुणाला कळू दिलं नाही."

त्यांनी पाना उचलला, फिरवला, पुन्हा ठेवला. तो नट आधीच पूर्ण आवळलेला होता. मग विचारलं, "त्याचं वजन कळवलं का त्याने?"

"नाही."

"मग अंदाजाने धर. स्प्रिंग कडक ठेव. बाहेर राहून माणूस एक तर सुटतो नाही तर वाळतो."

दुपारी त्यांनी दुकानातल्या दोऱ्याचं रीळ शोधून आणलं आणि एकेका केबलला स्वतः गाठी मारल्या. मी टेप लावली नाही. संध्याकाळी डबी विटांवरून उतरली, शेडमागच्या उतारावर दगडांतून वर गेली आणि कुठेही पोट न घासता परत आली. बाबा शेजारच्या सीटवर होते. सगळी वाट एका हाताने पिंजऱ्याचा पाइप धरून होते, आणि मान मागे वळवून रिकाम्या जागेकडे पाहत होते. मी कारण विचारलं नाही. या वेळी तपासायची गरज नव्हती.

तळ्यापर्यंत अजून गेलेलो नाही. बाबा म्हणतात, घाई नाही.

तुझं वजन मी अठ्ठ्याहत्तर धरलं आहे. चूक असेल तर पत्राने कळवू नकोस. वजनकाटा शेडमध्येच आहे.

पाकीट चिकटवण्याआधी बाबांनी मागून घेतलं आणि आत एक दोरा टाकला. लिहायचं काही आहे का विचारलं, तर म्हणाले, "लिहिलंय की." गाठी तूच मोज. मी मोजल्या आहेत, दोन आहेत.

नऊ वर्षं उशिरा, आणि विषय न बदलता,

तुझी धाकटी,
जिने दोरे कापले