तुझ्या बाबांची एकुलती प्रवासी

लक्सर,
मे महिना, भर दुपार

प्रिय हातिम,

फोनवर मी तुला "सगळं ठीक आहे" म्हणते, कारण दुसरं काही म्हणता येत नाही. तुझे बाबा समोरच बसलेले असतात. माझ्या हातात फोन दिसला की अदबीने उठतात आणि म्हणतात, "मॅडम, हॉटेलवर काही निरोप द्यायचा असेल तर मी देतो, तुम्ही सुट्टीवर आला आहात." यावर काय बोलणार? म्हणून हे पत्र. गिर्गिसकाकांच्या मुलीने कागद आणि पाकीट त्यांच्या खालच्या दुकानातून टोपलीत घालून वर पाठवलं. खालून ओरडून विचारत होती, "काकू, आता पत्र कोण लिहितं?" मी म्हटलं, "ज्याला घरात बोलायची चोरी आहे तो लिहितो, बाई!"

हो, टोपली. तू लहान असताना गंमत म्हणून गच्चीवरून टोपली सोडायचास, आता माझा सगळा संसार त्या टोपलीवर चाललाय. भाजी, औषधं, उन्हात फुगवलेली शम्सी भाकरी, सगळं दोरीला बांधून वर येतं. मी खाली उतरत नाही. उतरता येत नाही. दाराला आतून कुलूप असतं आणि किल्ली माझ्या गळ्यात, झग्याच्या आत. शेजारणी म्हणतात, उम्म हातिमच्या गळ्यात ताईत आलाय. हसू दे त्यांना. तुझ्या बाबांनी या घरात तुझं नाव घ्यायची बंदी केली, पण अख्खी गल्ली मला अजून हातिमची आई म्हणूनच हाक मारते. त्यावर त्यांची बंदी चालली नाही.

बाबा विसरायला लागलेत असं मी तुला मागेच सांगितलं होतं. तू म्हणालास, वयच झालं. बाळा, चष्मा कुठे ठेवला ते विसरणं हे वय. बायको कुठे ठेवली ते विसरणं हे काही वय नव्हे. हिवाळ्यात एके सकाळी मी चहा घेऊन गेले, तर ते जर्मन प्रवाशांना देवळं दाखवायला निघायचे तेव्हाचा कडक इस्त्रीचा शर्ट घालून बैठकीच्या खोलीत उभे. मला पाहून वाकले आणि जर्मन भाषेत काहीतरी लांबलचक बोलले. मला काय कळणार? मी म्हटलं, "अहो, चहा गार होतोय." तर चेहरा खुलला. म्हणाले, "मॅडम, तुम्ही किती सुंदर अरबी बोलता! कुठे शिकलात?" मला वाटलं थट्टा करताहेत, मी म्हटलं, "नवऱ्याकडून." तर म्हणाले, "अरे वा, नवरा इजिप्तचा? नशीबवान माणूस." लग्नाला इतकी वर्षं झाली हातिम, पण मला कधी कुणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं या घरात. मी स्वयंपाकघरात जाऊन हसले, आणि हसता हसता ओट्याला धरून खाली बसले.

तेव्हापासून मी प्रवासी आहे. रोज सकाळी आमचा दौरा सुरू होतो. आधी सूचना. पाणी फक्त बाटलीतलं प्या, मॅडम. पुलाचे आणि सैनिकांचे फोटो काढू नका, ते हसले तरी काढू नका. मशिदीत जाताना खांदे झाका, बूट बाहेर. बाजारात पहिला भाव ऐकून हसा, दुसरा ऐकून चालू लागा, तिसऱ्याला घ्या. कुणी चहा विचारला तर नाही म्हणू नका, तो चहा असतो, सापळा नसतो. फार तर एखादा गालिचा विकतील. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, म्हणून नकाशात खाली दिसतो तो आमचा वरचा मुलूख, आणि वर दिसतो तो खालचा. इथे ते बोट वर करून थांबतात, प्रवाशांनी हसावं म्हणून. मी हसते. काळी माती म्हणजे पीक, लाल माती म्हणजे वाळवंट. काळ्या मातीत एक पाय आणि लाल मातीत दुसरा ठेवून उभं राहता येईल असा हा देश. सूर्य उगवतो त्या काठावर जिवंत माणसं राहतात, मावळतो त्या काठावर मेलेली. एक शब्द चुकत नाहीत. ज्यांना जेवलो की नाही ते आठवत नाही, त्यांना राजांच्या पिढ्यान् पिढ्या पाठ आहेत.

तुला वाटेल, आई गंमत सांगतेय. सुरुवातीला मलाही गंमत वाटायची. पण प्रवासी चार दिवसांनी घरी जातो, हातिम.

कुलूप का लावलं ते सांगते. मार्चमध्ये गॅसवाला सिलिंडर घेऊन आला. मी त्याच्या मागे स्वयंपाकघरात गेले तेवढ्यात बाबा बाहेर पडले. पायात घरच्या सपाता, हातात मिटलेली छत्री. थेट बोटींच्या धक्क्यावर गेले आणि छत्री उंच धरली. एका बोटीवरून म्हातारे जर्मन उतरत होते. छत्री पाहिली, भाषा ऐकली, आले की मागोमाग! कर्नाकच्या देवळाचे पहारेकरी त्यांना ओळखणारे, त्यांनी सलाम ठोकून सगळ्यांना आत सोडलं. तासभर तुझ्या बाबांनी त्या लोकांना खांब न् खांब समजावून सांगितला म्हणे. मग त्यांचा खरा वाटाड्या धावत आला, घामाघूम. पोरगाच होता, ओरडला, "आजोबा, माझ्या पोटावर पाय देताय काय? घरी जा ना!" बाबांनी त्याला शांतपणे सांगितलं, "पाहुण्यांसमोर आवाज चढवू नये, बेटा." आणि एका बाईने विचारलं, आता आम्ही कुठे जायचं?  बाबा तिथेच एका दगडी मेंढ्याच्या पायाशी बसले आणि उठेनात. पर्यटक पोलीस त्यांना घरी घेऊन आला. म्हणाला, "काकू, साहेबांना जपा. रस्ता ओलांडताना घोडागाडीखाली येता येता वाचलेत." त्याच दिवशी गिर्गिसकाकांकडून कुलूप मागवलं.

कुलपावर ते चिडतील अशी मला भीती होती. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ते दाराशी जातात, कडी हलवून बघतात, आणि परत येऊन माझीच समजूत घालतात. "घाबरू नका मॅडम. बाहेर खमसीन सुटलाय, वाळूने हाताला हात दिसत नाही. वारा पडला की बस सुटेल." रोज हेच. खिडकीबाहेर लख्ख ऊन असतं, खाली पोरं चेंडू खेळत असतात, आणि एक माणूस मला धीर देत असतो की आपण दोघं फार काळ अडकून राहणार नाही. एकदा मी ओरडले, "वारा नाहीये! कुठे आहे वारा? मी कुलूप लावलंय, मी!" तर त्यांनी मला पाणी आणून दिलं. बाटलीतलं.

नबीलामावशी गेली. तुला सांगितलं नव्हतं, आता सांगते. रमजान संपता संपता गेली, केना गावी, तिच्या सुनेच्या हातून पाणी घेऊन. केना किती लांब आहे? गाडीत बसून दाणे सोलायला घेतले तर संपायच्या आत येतं. पण मला जाता आलं नाही. आजारी होती तेव्हा नाही, गेली तेव्हाही नाही. बातमी मी बाल्कनीत उभी राहून ऐकली. पाठची बहीण माझी, तिच्या मयताला मी नव्हते. मी आत येऊन काळी ओढणी घेतली आणि भिंतीला टेकून बसले. बाबा जवळ आले आणि म्हणाले, "ऊन बाधलं का मॅडम? पहिल्या दिवशी सगळ्यांनाच होतं." पंख्याची दिशा माझ्याकडे केली. करकद्याचं, लाल अंबाडीच्या फुलांचं, सरबत करतो म्हणाले, पण ते कुठे ठेवलंय ते त्यांना सापडेना, आणि सगळी कपाटं उघडी टाकून ते मधेच उभे राहिले. शेवटी मी उठून त्यांना सरबत करून दिलं.

तू म्हणशील, कुणाला तरी बोलाव मदतीला. बोलावलं. शेजारची सआदिया आली, तर हात झटकत तिच्या अंगावर गेले, "माझ्या पाहुण्यांना त्रास देऊ नका! तुमच्या मण्यांच्या माळा नकोत त्यांना!" तुझा चुलतभाऊ बिचारा रजा काढून अस्वानहून आला. त्याला त्यांनी जिन्यापर्यंत हाकललं. नकली मूर्ती विकणारा वाटला त्यांना. आपल्यातलं कुणीही दिसलं की त्यांना भीती वाटते की हा माझ्या पाहुण्यांना लुबाडायला आला. डॉक्टरचीही तीच गत. या घरात फक्त परदेशी माणसाला प्रवेश आहे, आणि मी बिचारी त्यांच्या एका 'मॅडम'वर परदेशी ठरले.

आता ज्याबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही ते. हाइके, माझी सून, त्यांच्याच गटात प्रवासी म्हणून आली होती, त्यांच्याच छत्रीमागे चालली होती, हे त्यांना फार लागलं होतं. तुझ्याहून वयाने मोठी, हा बोलायचा मुद्दा होता, खरं दुखणं ते नव्हतं. "पाहुण्यांना देश दाखवायचा असतो, स्वतःला दाखवायचं नसतं," हे जे ते तुला त्या दिवशी म्हणाले ते मी दाराआडून ऐकलं होतं. तूही कमी बोलला नाहीस. मग तू तिच्याबरोबर जर्मनीला गेलास, आणि त्यांनी तुझी खोली बंद करून टाकली. गल्लीत लोक बाबांचं नाव घेऊन टोमणे मारायचे, "वगदीने पाहुणीला देवळं दाखवली, पोराने विमान पाहिलं." ते ऐकून घ्यायचे आणि मुकाट घरी यायचे. तुझं लग्न किती वर्षं टिकतं यावर पैजा लागल्या होत्या. त्या सगळ्यांना तुम्ही दोघांनी हरवलंत, हे मी बाबांना कधी सांगू शकले नाही.

मागच्या आठवड्यात मी एक केलं. प्रवासी नेहमी विचारतात ना, तसं विचारलं, "तुम्हाला मुलंबाळं किती?"  ते लगेच म्हणाले, "एक मुलगा, मॅडम. माझ्यापेक्षा चांगलं जर्मन बोलतो. आज तो दुसरा गट घेऊन पलीकडच्या काठावर गेलाय, नाहीतर तुम्हाला भेटवला असता. संध्याकाळच्या नावेने येईल." आणि संध्याकाळी खरंच बाल्कनीत जाऊन उभे राहिले. मी म्हटलं, आता आत या. तर म्हणाले, "तो आला की सगळे मिळून जेवू."

याला माफी समजू नकोस. मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. तुझ्यावर रागावणारा माणूस गेला, आणि माफ करू शकला असता तो माणूसही त्याच्याबरोबर गेला. उरलाय तो एक सभ्य वाटाड्या. त्याच्याकडून जे मिळेल ते घ्यायची तयारी असेल तर ऐक.

तू ये, आणि हाइकेला घेऊन ये. मुलगा म्हणून येऊ नकोस, प्रवासी म्हणून ये. डोक्यावर टोपी, पाठीवर पिशवी, तोंडात जर्मन. दारात त्यांच्या पाया पडू नकोस, हाताचं चुंबन घेऊन बाबा बाबा म्हणून रडू नकोस, ते घाबरतील. नुसतं गुटेन टाग म्हण आणि सांग की तुम्हाला हा देश बघायचाय. आणि हाइकेला पुढे कर. ज्या सुनेला या घराचा उंबरठा बंद होता, तिच्याइतकं स्वागत आज या घरात दुसऱ्या कुणाचंही होणार नाही. ते तिच्यासाठी खुर्ची ओढतील, पाणी विचारतील, सगळं पहिल्यापासून सांगतील. तुम्ही दोघांनी ऐकत बसायचं. तुझ्यासाठी म्हणून मी हे मागत नाही, हातिम, त्यांच्यासाठीही नाही. तुला ठाऊक नसेल, कर्नाकच्या देवळाच्या आत मी कधी पाऊल टाकलेलं नाही. त्यांनी अर्धं जग तिथे नेलं. मी भाकरी भाजून डबा दिला आणि घरी राहिले, आणि मी कधी विचारलं नाही, त्यांनीही नाही. आता त्याचा प्रत्येक खांब मला तोंडपाठ आहे, या बंद खोलीत बसून. मला ते डोळ्यांनी बघायचंय. एकटीला, माझ्याच गतीने, कुणी काहीही समजावून न सांगता. दार मी उघडीन, किल्ली तुझ्या हातात देईन, तुम्ही दोघं आत या, आणि मी बाहेर पडेन.

वाट बघणारी, तुझीच

आई