वीस कवेलू

अहेरी, शनिवार, मे अखेर

आज मी 'फेरा' का म्हणालो, ते अजून कळत नाही.

ते जुने कवेलूचे, म्हणजे कौलारू, घर घेतले ते पाडून स्लॅबच्या खोल्या बांधायच्या आणि भाड्याने द्यायच्या म्हणूनच. बँकेचे कर्जही त्यावरच मंजूर झाले. सोमवारी ठेकेदार पाडायला येणार. मागच्या खोलीत जुन्या मालकाच्या वेळेपासून सुमनबाई भाड्याने राहतात, बाजारात मासे विकतात. खोली रिकामी करा, एवढेच सांगायला गेलो होतो.

त्या शिडी लावून उभ्या होत्या. "बरं झालं आले, भाऊ. यंदाही कवेलू फेरू ना?"

इथे पावसाआधी जो कवेलू फेरतो, म्हणजे कौले उतरवून फुटकी बदलून पुन्हा बसवतो, तो पावसाळाभर त्याच छपराखाली राहतो. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. तरी म्हणालो, "फेरा."

"मले वाटलं, नवा मालक आमाले काढूनच राह्यला!" त्या हसल्या. "मंग वीस कवेलू फुटले हायेत, ते तुम्ही आना. मालक काय फुकटचे झाले?"

वीस कवेलूही कबूल करून आलो. ही दया म्हणायची की भित्रेपणा? दया असती तर तिथूनच ठेकेदाराला थांबवले असते. थांबवले तर बँकेला काय सांगू?

संध्याकाळी पुन्हा तिकडून गेलो. अर्धे छप्पर फेरून झाले होते.

ठेकेदाराचा नंबर समोर आहे. सोमवारी येऊ नको, हे तोंडातून निघत नाही. मग काय सांगू, येताना वीस कवेलू घेऊन ये?