भूशास्त्र विभागाची हजेरी

तीर्थरूप बोरघिल्ड आत्यास, कार्स्टेनचा अगदी वाकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? चर्चमधल्या बायका अजून त्याच्यासाठी प्रार्थना करतात, की आता दुसऱ्या कुणाच्या कमरेकडे वळल्या? माझी तब्येत उत्तम आहे. उत्तम ठेवावीच लागते, कारण मी आजारी पडलो की कॉलेजचा एक अख्खा विभाग बंद राहतो.

मी भूशास्त्र घेतलंय हे तुला कळलंच असेल (बाबांनी चारचौघांत माझी कीव केली असेलच). मिनेसोटातल्या या गावात मैलोन् मैल मक्याशिवाय काही दिसत नाही; इथे दगडांचा अभ्यास करायचं मला का सुचलं, हे विचारू नकोस. पहिल्या वर्षी आम्ही चौघं होतो. एकेक करून तिघं शहाणे झाले आणि अर्थशास्त्रात गेले. उरलो मी आणि प्रोफेसर रास्क. सर रोज हजेरी घेतात. समोर मी एकटा, तरी वहीत बघून "टॉलेफसन?" म्हणतात आणि मान वर करून मला शोधतात. गटचर्चा असली की "दोघादोघांचे गट करा" असं फर्मावून स्वतःच खुर्ची ओढून माझ्यासमोर बसतात. गुण वर्गाच्या सरासरीवर असल्यामुळे मी कितीही घासलं तरी सरासरीच. विभागाच्या मंडळाचा अध्यक्ष निवडायला गुप्त मतदान झालं, त्यात माझं एकमेव मत, कुणाचं ते लगेच कळतं म्हणून, बाद ठरलं. पद अजून रिकामं आहे.

आता आमच्या नव्या डीनबाईंनी (यांनी 'नेतृत्व' नावाचा विषय सुरू केलाय, ऐंशी नेते भरती झालेत, मागून चालायला कुणी नाही) फतवा काढलाय, की ज्या विभागात किमान दोन विद्यार्थी नसतील तो या शुक्रवारी बंद. सरांना निरोपाचा केक, आणि त्यांनी एकतीस वर्षं जमवलेले दगड पार्किंगच्या कडेला शोभेसाठी. ऐकून सर एवढंच म्हणाले, "वाळूचा दगड बाहेर ठेवू नका, झिजेल." मला फार वाईट वाटलं आत्या, आणि मला वाईट वाटलं की मी उद्योग करतो.

हॉकी संघाच्या गोलकीपरला पटवून आणला. आईने पाठवलेल्या लिंबाच्या वड्या त्याच्यापुढे ठेवल्या. पठ्ठ्याने नऊ हाणल्या, तीन दगड हातात घेऊन बघितले, "हे सगळे सारखेच आहेत रे," म्हणाला आणि नेता व्हायला निघून गेला. सर म्हणाले, "पोरगा प्रामाणिक आहे." अशा माणसाची नोकरी वाचवायची म्हणजे काय, तूच विचार कर.

बाकी सगळं क्षेम. बर्फ वितळतंय.

तुझा आज्ञाधारक (इतर कुणाचा नाही) भाचा,
कार्स्टेन

ता. क. नदीकाठच्या कड्यांचा एक नकाशा सर दरवर्षी शिकवायला घेतात. कुणा जुन्या विद्यार्थ्याने हाताने काढलेला, पूर्वेकडची बाजू अर्धवट. इतका नेमका नकाशा आपल्यालाही जमला नसता, असं सर म्हणतात. कोपऱ्यात फक्त 'बी. टी.' आहे, कोण ते त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे. ते अक्षर मी दर नाताळात तुझ्या हेरिंग माशाच्या बरण्यांवर बघतो. तू इथे तीन वर्षं शिकलीस, हे घरात मला एकानेही का सांगितलं नाही?

ता. ता. क. कचेरीत चौकशी केली. तुझे तीनच विषय राहिलेत, आणि पासष्टीपुढच्यांना फी नाही. अर्ज भरून सोबत जोडलाय, तुझी सही तेवढी हवी. दुसरा विद्यार्थी म्हणून तू चालतेस, मी नियम तीनदा वाचला. (माझा स्वार्थ इतकाच, की वर्गात दोघं झालो तर एखाद्या सकाळी मला झोपता येईल.)

आणखी एक. अर्जात 'शिक्षण सोडण्याचे कारण' असा रकाना आहे, म्हणून बाबांना फोन केला. ते म्हणाले, "आमच्या आजारी आईजवळ कुणीतरी थांबायला हवं होतं. आणि त्या वर्षी मला कॉलेजात जायचं होतं." गुरुवारी सकाळी ते तुझ्या दारात गाडी घेऊन येतील. नाही म्हणायचं असेल तर त्यांच्या तोंडावर म्हण, मला कळवू नकोस.