‘पाठवणी’ची वही विनयाकडे

मी, चंद्रहास गोविंद बाळ, वय ७१, निवृत्त फार्मासिस्ट, राहणार न्यू लिन, ऑकलंड, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे; मनाचे त्यांनी विचारले नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

राहते घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी विनया हिला. ती गेली सहा वर्षे हॅमिल्टनमध्ये रोटोटुनाला वेगळी राहते, तरी घर तिचेच. परसातले लिंबाचे झाड तिने लावले आहे. घर विकलेच, तर आधी लिंबे उतरवून घ्यावीत.

आमची मुलगी जुई हिचे व्हायोलिन तिची विद्यार्थिनी सिद्धी हिला. विचारले तेव्हा "आय विल, काका," एवढेच म्हणाली आणि रडली.

माझी वाजवायची पेटी कोणालाही द्यावी, इथल्या मराठी मंडळाच्या अभिषेकला सोडून. त्याने माझी ‘पाठवणी’ गणपतीच्या कार्यक्रमातून काढली. म्हणाला, "काका, सणासुदीला सुतक कशाला?" त्याचे बरोबर होते, म्हणूनच राग जात नाही.

आता मुख्य बाब. ‘पाठवणी’ ही माझी रचना, तिची वही आणि सर्व हक्क. आमच्या दुकानात औषधे न्यायला येणाऱ्या नोराबाईंनी मला आयर्लंडमधली जुनी रीत सांगितली होती. दुष्काळात आणि त्यानंतरही पोरे अमेरिकेच्या बोटीत चढत, ती पुन्हा दिसणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असे. म्हणून आदल्या रात्री घरचे जिवंत पोराचेच सुतक पाळत. व्हायोलिन वाजे, नाच होई, आणि आई विलाप करी. मी झपाटलो. व्हायोलिनचा भाग जुईसाठी लिहिला, शेवटचा विलाप विनयाच्या गळ्यासाठी.

जुई शिकायला डब्लिनला निघाली, त्या दुपारी मी घरी हॉलमध्ये ही रचना वाजवून घेतली. जुईने हौसेने वाजवली. विनयाने गायची वेळ आली तेव्हा ती उठली. "जिवंत लेकीसाठी मी रडगाणं गाणार नाही," म्हणाली, आणि हातावर घालायला दह्याची वाटी घेऊन आली. मला राग आला होता. उशीर होतोय म्हणत मी जुईला तसेच गाडीत बसवले.

पाच महिन्यांनी तिकडे रस्ता ओलांडताना जुई गेली. दह्याने ती वाचली असती असे मी मानत नाही. पण अंत्यविधीला, चारचौघांत, मी विनयाला म्हणालो, "आता तरी गा." लोक म्हणतात, दुःखाने भान सुटले असेल. सुटले नव्हते. मी आजच्याइतकाच शुद्धीत होतो. त्याच आठवड्यात तिने घर सोडले.

‘पाठवणी’ तिची. जाळावी, फाडावी, ठेवावी. कोणी तिला गळ घालू नये. माझ्या अंत्यविधीला ही रचना वाजवू नये. विनयाने यावे अशीही अट नाही.

हे सारे तिने माझ्यासमोर बसून वाचावे अशी इच्छा होती. साक्षीदार म्हणून सहीला बोलवायचे, तेवढे निमित्त मला पुरले असते. वकीलबाई मुग्धा म्हणाल्या, "काका, ज्यांना मिळणार आहे, त्यांची साक्ष चालत नाही." मग शेजाऱ्यांना बोलावले.

साक्षीदार, दोघांनी माझ्यादेखत सही केली:
१. समीर दांडेकर
२. नीलांबरी दांडेकर

(सही) चंद्रहास गोविंद बाळ
न्यू लिन, ऑकलंड
१४ जून २०२५