टाकीला भोक की काठावर डबा

आदरणीय साडूभाऊ,

नमस्कार. (वाकून करणार होतो, पण फरशी पुसता पुसता कंबर धरली ती अजून सुटलेली नाही; तेव्हा हा उभ्याउभ्याच स्वीकारावा.) तुमचं कसं चाललंय हे विचारत नाही. लोकांचे दात दुखत आहेत तोवर तुमचं बरंच चाललेलं असणार. ताईंचे गुडघे कसे आहेत? एरवी हे मला विचारावं लागत नसे. रविवारी दोघी बहिणींचा फोन सुरू झाला की तुमच्या घरातल्या गुडघ्यांपासून गळक्या नळापर्यंत सगळी खबर माझ्या कानावर आपोआप पडायची. आता रविवारी आमच्या घरात इतकी शांतता असते, की मी चष्म्याचं दुकान रविवारीही उघडायला लागलो आहे. गिऱ्हाईक येत नाही, पण निदान रस्त्यावरचा आवाज तरी येतो.

मुद्द्यावर येतो. हॉलमधली माशांची टाकी त्या दिवसापासून कोरडी पडली आहे. मासे न्हाणीघरातल्या निळ्या टबात मुक्कामाला आहेत आणि आम्ही दोघं कोपऱ्यात अंग चोरून, साबणाचा थेंब तिकडे उडणार नाही अशा बेताने अंघोळ करतो. (आपल्याच न्हाणीघरात कुणीतरी टक लावून बघतंय, ही भावना या वयात बरी नव्हे.) तुमच्या मेहुणीने निक्षून सांगितलं आहे, की फरशीवर पुन्हा पाणी येणार नाही अशी व्यवस्था आधी दाखवा, मगच टाकी भरा, नाहीतर मासे दुकानदाराला परत. तेव्हा प्रश्न असा: टाकीच्या काचेला भोक पाडायचं, की तुम्ही भेट दिलेला तो ओव्हरफ्लोचा डबा पुन्हा काठावर लटकवायचा?

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी माझ्या समाधानासाठी एकदा उजळणी करतो. वरच्या टाकीतलं पाणी खालच्या छोट्या टाकीत उतरायचं, तिथे गाळून निघायचं आणि पंपाने परत वर जायचं, एवढाच हा खेळ. वर चढवायला पंप आहे. घोडं अडतं ते खाली उतरवण्यापाशी. टाकीच्या मागच्या काचेत वरच्या अंगाला भोक असलं तर पाणी त्या पातळीला आलं की आपोआप खाली जातं, कुणाला काही विचारत नाही. पण तुम्ही पडलात दंतवैद्य. सशक्त दात कोरायचा नसतो, तशी सशक्त काचही कोरायची नसते, असं तुम्ही मला तुमच्या त्या उंच खुर्चीत बसवून, माझ्या तोंडात आरसा असताना समजावलं होतं. (मला हरकत घ्यायची होती, पण जीभ मोकळी नव्हती.) आणि मग तुम्ही मोठ्या प्रेमाने तो डबा पाठवलात. काठावर अडकवायचा, वाकडी नळी टाकायची, नळीतली हवा तोंडाने ओढून घ्यायची, की पाणी काठ ओलांडून खाली उतरतं. रोज सकाळी, चहाच्या आधी, मी ही हवा ओढत होतो. माशांच्या पाण्याची चव कशी असते, हे या गावात माझ्याइतकं कुणाला सांगता येणार नाही.

मग तुम्ही दोघं मुक्कामाला आलात आणि आपण चौघं बाजारात हिंडायला गेलो. मागे वीज गेली आणि आली. गेली तोवर ठीक होतं. आली तेव्हा पंप इमानदारीने सुरू झाला. नळीत मात्र तेवढ्यात हवा शिरलेली. पाणी वर चढतंय, उतरत मात्र नाही. खालची टाकी रिकामी होईपर्यंत पंपाने वरची भरली, ती काठोकाठ झाली, मग हॉलमध्ये आली आणि हॉलमधून पाहुण्यांच्या खोलीत, जिथे ताईंची बॅग जमिनीवर उघडी होती. बॅगेत हिच्यासाठी ताईंनी स्वतःच्या हाताने विणलेला स्वेटर होता, अजून दिलाही नव्हता. त्याच्या लाल रंगाने बाकीचे सगळे कपडे गुलाबी केले.

पुढचं तुमच्या-माझ्या समोरच घडलं. पण त्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ही म्हणाली, डबा तुझ्या नवऱ्याने दिला. ताई म्हणाल्या, लावला तुझ्या नवऱ्याने. साडूभाऊ, लग्न झाल्यापासून माझी बाजू घेऊन ही कुणाशी भांडल्याचा हा पहिलाच प्रसंग. मी इतका भारावून गेलो की मधे पडायचं भानच राहिलं नाही. तुमच्याही चेहऱ्यावर तसाच काहीसा भाव होता, खोटं सांगू नका. आपण दोघं हातात फडकी घेऊन आपापल्या बायकांकडे कौतुकाने बघत राहिलो आणि तेवढ्यात दोघींचं बोलणं जे तुटलं ते तुटलंच. मला त्याचं फार वाईट वाटतं. नळीत एवढासा बुडबुडा अडकला की दोन्हीकडचं पाणी भरलेलं असूनही थांबतं, तसं या दोघींचं झालं आहे. (हे वाक्य सुचलं तेव्हा मी स्वतःवर खूश झालो होतो. हिला वाचून दाखवता येत नाही, हीच पंचाईत.)

असो. मी भोकाच्या बाजूने विचार करू लागलो. आधी माशांच्या दुकानदाराला गाठलं. (पाळायच्या माशांच्या, पहिल्या दिवशी मी चुकून दुसऱ्याच्या रांगेत उभा राहिलो होतो.) तो टाक्याही विकतो आणि डबेही विकतो, त्यामुळे त्याला दोन्ही उत्तम वाटतात. मग मी हिऱ्याची कणी लावलेली गोल करवत आणली, ड्रिलला बसवली आणि एकदम टाकीवर प्रयोग नको म्हणून आधी हॉलमधल्या सेंटर टेबलाच्या काचेवर हात साफ करायचं ठरवलं. हलक्या हाताने, वरून पाण्याची धार, अगदी पुस्तकात असतं तसं. काच क्षणभर गप्प राहिली आणि मग अख्ख्या टेबलाची साखर झाली. जाड साखर. मी हात पुढे करून उभा आणि ड्रिल हवेत फिरतंय. कडक केलेल्या काचेला भोक पाडता येत नाही, ती एकदम चुरा होते, हे मला त्यानंतर कळलं. आपल्या सासऱ्यांनी थोरली दातांना दिली आणि धाकटी डोळ्यांना. आता डोळ्यांचं दुकान चालवणाऱ्याने काच न बघता कोरावी, याला काय म्हणावं? हिने नुसतं टेबलाच्या चार पायांकडे पाहिलं आणि केरसुणी आणून दिली. हातात दिली, फेकली नाही, हे मी शुभचिन्ह समजतो.

मग मात्र मी रीतसर तपासणी केली. दुकानातला उन्हाचा, चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा घातला, टाकीच्या मागे कॉम्प्युटरचा स्क्रीन पांढरा करून ठेवला आणि मान तिरकी करून काच न्याहाळली. कडक काचेत असं बघताना रंगीत पट्टे दिसतात. शेजारचे काका साखर मागायला आले (चहाची, हॉलमधली नव्हे) तेव्हा मी पडदे ओढलेल्या खोलीत काळा चष्मा लावून रिकाम्या टाकीसमोर गुडघ्यांवर बसलो होतो. ते साखर न घेताच गेले. पण निकाल लागला: तळ कडक आहे, मागची काच साधी आहे. म्हणजे भोक पडू शकतं!

तेव्हा माझं मत आता पक्कं होत चाललं आहे. डब्याची चूक नाही, तुमची तर मुळीच नाही. पण डब्याकडे कुणीतरी रोज लक्ष द्यावं लागतं, आणि भोक आपलं तिथे असतं. वीज जावो, येवो, घरात माणूस असो, नसो, पाणी आपल्या वाटेने जातं. एकदा हिंमत करून पाडलं की पुढे निर्धास्त. ही गोष्ट तुम्हाला पटावी, एवढीच इच्छा. ताईंना माझा नमस्कार सांगा असं लिहिणार होतो, पण सांगितलात तर पत्र आल्याचं कळेल. तेव्हा मनातच ठेवा.

तुमचा नम्र,
धाकटा साडू

ता. क. माझा हात मात्र सेंटर टेबलापासून थरथरतो. तुमचा स्थिर. आयुष्यभर पाण्याची धार धरून बारीक कोरण्याचंच काम तुम्ही केलंत. शिवाय हा पेशंट असा, की तोंड कायम उघडं आणि तक्रार शून्य. तेव्हा भोक पाडायला तुम्हीच यावं. तुमचा तत्त्वाचा प्रश्न आहे, जाणतो, पण या.

ता. क. २. खरं सांगू? कोपऱ्यावरचा काचवाला हे भोक चहा निवेपर्यंत पाडून देतो, मी विचारून आलो आहे. तुम्ही यावं ते भोकासाठी नव्हेच. तुम्ही आलात की ताई एकट्या कशाला मागे राहतील? ताईंना सांगा, टाकीचं काम नाजूक आहे, दोनतीन दिवस लागतील. घरी फोन केला तर ताई उचलतात, म्हणून हे पत्र दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवतोय. पाकिटावर 'कवळ्यांचे माहितीपत्रक' असं लिहितो, म्हणजे ताई काउंटरवर बसल्या असल्या तरी उघडणार नाहीत.

ता. क. ३. ताई, हे उघडणारी तूच, हे मला ठाऊक आहे. यांनी पत्र चिकटवायला माझ्याकडेच दिलं, कवळ्यांचं माहितीपत्रक म्हणून! आपण कुणासाठी भांडलो ते बघ. तुझा मला मणभर राग आला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर गेला होता, पण तोवर तुम्ही निघून गेला होतात आणि मग फोन कुणी आधी करायचा म्हणून मीही हट्टाला पेटले. चुकलंच माझं. तू टाकून गेलेला स्वेटर मी धुऊन वाळवला, लालाचा गुलाबी झालाय, पण उबदार आहे, घालते. भावोजींना आण, फक्त त्यांच्या हातात मशीन देऊ नकोस; भोक काचवाला पाडेल. पाहुण्यांच्या खोलीतला पलंग मी खिडकीजवळ सरकवला आहे, तुला उकडतं म्हणून. सरकवून बरेच दिवस झाले.