पत्नीचे अपुरे वाक्य पूर्ण न करता संगणक अपग्रेड करून मिळण्याबाबत

प्रति,
मा. उपकरण अधिकारी,
वाचासाहाय्य उपकरणे, वाटप व देखभाल कक्ष

विषय : दिवंगत पत्नीच्या वापरातील संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम अपग्रेड करण्यासाठी आपला माणूस घरी पाठविण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाची स्मरणपत्रे, सर्व दिवंगत पत्नीच्याच नावे.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार व्यवसायाने शिंपी असून त्याची पत्नी त्याच्याच दुकानात काजं-बटणं करीत असे. आजाराने आधी तिचे हात गेले, मग वाचा गेली, शेवटी पापण्या तेवढ्या ताब्यात राहिल्या. तेव्हा आपल्या कक्षाने तिला हा संगणक वापरण्यास दिला. पडद्यावर अक्षरे एकेक करून उजळत. हवे ते अक्षर आले की ती पापणी मिटे, आणि वाक्य झाले की 'बोला' हे बटण निवडे. मग यंत्र ते मोठ्याने म्हणे. आवाज कोणा परक्या बाईचा होता, पण त्यातला तोरा अस्सल हिचाच. त्याबद्दल अर्जदार आपल्या कक्षाचा कायम ऋणी आहे.

२. संगणक जुना असल्याने नव्या सिस्टीमची सूचना पडद्याच्या कोपऱ्यात सारखी येऊ लागली. आपले तंत्रज्ञ येऊन गेले. अपग्रेड केल्यास यंत्र पत्नीच्या पापणीची लय विसरेल, ते पुन्हा शिकवावे लागेल आणि तोवर तिला गप्प राहावे लागेल, असे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. मग अपग्रेड कधी करायचे यावर अर्जदार, त्याची थोरली बहीण आणि डॉक्टर यांच्यात बरीच खलबते झाली. जिचा प्रश्न तिलाच विचारावे, हे सगळ्यांना शेवटी सुचले. तिने लिहिले, "मी आहे तोवर नको. नंतर लगेच करा." त्यानुसार अर्जदाराने सवलत मागितली व आपण ती दिलीत.

३. येथे घरातील एक नियम नमूद करणे भाग आहे. सुरुवातीला तिचे वाक्य पुरे होण्याआधीच सगळे धावत. एकदा तिने "मला पा" एवढे लिहिले आणि अर्जदाराची बहीण पाण्याचा पेला घेऊन हजर झाली. पत्नीने चिकाटीने पुढे लिहिले की पाठ खाजवून हवी आहे, आणि वन्सं, तुम्ही जरा बसा. त्या दिवशी ठरले की तिचे वाक्य कोणीही पूर्ण करायचे नाही, मग कितीही वेळ लागो. हात, पाय, जेवण, अंघोळ सगळे दुसऱ्यांच्या हवाली गेलेल्या बाईकडे स्वतःची म्हणून एवढी एकच गोष्ट उरली होती. हा नियम घरात कोणी मोडला नाही. बहिणीनेसुद्धा नाही, आणि तिच्याबाबतीत हे सोपे नव्हते.

४. एके सकाळी अर्जदार किल्ल्या हातात घेऊन दाराशी उभा असताना पत्नीने लिहायला घेतले. "आज दुकान उशिरा उघ" इथवर आल्यावर तिने डोळे मिटले. ती मध्येच अशी विसावा घेत असे, म्हणून नियमाप्रमाणे अर्जदार थांबला. बराच वेळ थांबला. ते डोळे पुन्हा उघडले नाहीत. संध्याकाळी रुग्णालयात ती वारली.

५. तेव्हापासून ते वाक्य पडद्यावर तसेच आहे, आणि त्यापायी अपग्रेड अडले आहे. "एक मजकूर अपूर्ण आहे. पूर्ण करा किंवा टाकून द्या," असे यंत्र म्हणते व पुढे सरकत नाही. अर्जदाराने हे कळविल्यावर आपल्या कक्षाने पत्नीलाच स्मरणपत्र धाडले, की आपण आपले वाक्य विनाविलंब पूर्ण करावे, अन्यथा आपणास भविष्यात उपकरण दिले जाणार नाही. मृत्यूचा दाखला जोडूनही पुढचे पत्र तिलाच आले व त्यात दाखल्यावर तिची सही मागितली आहे. अर्जदाराने ते वाचून हसावे की रडावे हे न कळून दोन्ही केले. आपल्या कक्षातील लिपिक मनाने भले आहेत. ते म्हणाले, "काका, तुम्हीच पुरं करून टाका ना. कोण बघायला येतंय?"

६. अर्जदाराने तसा प्रयत्न करून पाहिला. यंत्राने तीन शब्द पुढे केले : उघडा, उघडाल का, उघडू नका. तिला यातले काय म्हणायचे होते हे इतका संसार करूनही अर्जदारास सांगता येत नाही. उशिरा उघडा म्हणजे माझ्याजवळ बसा, असे असेल. किंवा उशिरा उघडू नका म्हणजे गिऱ्हाईक खोळंबते, निघा, असेही असेल. दोन्ही तिलाच शोभणारे. गिऱ्हाईक वारले तर अर्धवट शिवलेले कापड घरच्यांना तसेच परत द्यायचे, त्यावर आपला टाका घालायचा नाही, अशी दुकानाची पद्धत आहे. अर्जदाराचे बोट यंत्रावरून मागे आले. 'टाकून द्या' हे बटण दाबणे तर त्याच्याने होतच नाही.

७. तथापि, आता थांबणेही बरे नव्हे. मागच्या गल्लीतील चित्रकलेच्या मास्तरांची वाचा गेली असून हाच संगणक अपग्रेड होऊन त्यांना मिळायचा आहे. त्यांची पत्नी येऊन गेली. तिने मागितले काहीच नाही, फक्त विचारले, "ते काहीतरी सांगायला बघतात आणि मी चुकीचं ओळखते. तुमच्याकडे असं व्हायचं का हो?" अर्जदारास त्या रात्री अन्न गोड लागले नाही. पत्नीने 'नंतर लगेच' असे लिहिले होते, आणि ते वाक्य तिने पूर्ण केले होते.

८. सबब विनंती की, ज्याने पत्नीस कधी पाहिले नाही असा एखादा तंत्रज्ञ पाठवावा व मजकूर टाकून देण्याचे काम त्याने करावे. वाक्य पूर्ण करू नये, सुधारूही नये. मात्र टाकून देण्यापूर्वी त्याने एकदा 'बोला' हे बटण दाबावे व आहे तेवढे वाक्य यंत्रास म्हणू द्यावे. अर्जदार दाराशी उभा असेल. त्या सकाळी वाक्य पुरे होण्याची वाट पाहण्यात त्याचे उत्तर द्यायचे राहून गेले आहे. तो "बरं" एवढेच म्हणेल. त्यानंतर अपग्रेड सुरू करण्यास त्याची हरकत नाही.

कळावे. एवढे केलेत तर पुन्हा अर्ज करून त्रास देणार नाही असा,

आपला नम्र,
(सही)
अर्जदार, शिंपी

दिनांक : कक्षाचा शिक्का पडेल तो.