वडिलांचा काळा अक्रोड

२० ऑक्टोबर
सस्क्वेहाना नदीकाठच्या शेतावरचा काळा अक्रोड वादळात आडवा झाला. माझ्या जन्माच्या वर्षी वडिलांनी लावलेला. थोरल्या भावाने, हार्लनने, खाली पडलेल्या अक्रोडांची पिशवी माझ्या हातात दिली. म्हणाला, ओल्या वाळूत घालून हिवाळाभर थंडीत ठेव, नाहीतर रुजणार नाहीत. चाळीस वर्षं झाडांची पुस्तकं वाचतोय मी. मला शिकवतो.

२ नोव्हेंबर
वाळू उद्या.

१५ जानेवारी
वाळू राहिली. पिशवी तळघरात, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीशेजारी सापडली. हरकत नाही. ऊब मिळाली, लवकर रुजतील.

२८ एप्रिल
बारा कुंड्या, बारा अक्रोड. हार्लनला फोन केला. एक सप्टेंबरला येऊन तो स्वतः रोप शेतावर लावणार. त्यानंतरच्याच आठवड्यात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन. रोप जमिनीत गेलेलं पाहिलं की मग मी मोकळा, म्हणाला. काळजी सोड, म्हटलं.

९ मे
खारींनी कुंड्या उकरल्या. अर्लीन म्हणते, बाराच्या बारा नेले. बायकोला प्रत्येक गोष्टीत शेवटच दिसतो.

१७ जून, सकाळी ६
एका कुंडीत कोंब. अर्लीनला उठवून दाखवला. ती पुन्हा झोपली.

१४ जुलै
कमरेएवढं. पुस्तकात लिहिलंय, पहिल्या वर्षी फूटभर. पुस्तक जुनं आहे.

३ ऑगस्ट
पान चुरगळून पाहिलं. अक्रोडाच्या पानाला लिंबासारखा वास येतो. याला खवट शेंगदाण्यांचा. अर्लीन म्हणाली, पोस्टामागच्या पडीक जागेत वाढलेल्या झाडांचाही असाच येतो. तिला सर्दी आहे.

११ ऑगस्ट
पोस्टामागे गेलो. सहज, पाय मोकळे करायला. पानं तशीच आहेत. अक्रोडाच्या पानाची कड सगळीकडे दातेरी असते. यांना फक्त देठाशी एकदोन दात. माझ्याही झाडाला तेवढेच. लहान आहे, येतील. जेवण गेलं नाही.

१९ ऑगस्ट
रोपावर लाल पंखांचे किडे, शंभरेक. हे स्वर्गवृक्षावर, म्हणजे पोस्टामागच्या त्या झाडांवर जमतात. नाव स्वर्गाचं, मूळ चीनचं, आणि एकदा अंगणात शिरला की हटत नाही. किड्यांचीही चूक होऊ शकते. चपलेने मारले.

२६ ऑगस्ट
हार्लनला खरं सांगून टाकायचं ठरवलं. फोन लावला. त्याने आधीच विचारलं, किती उंच झालं? छातीएवढं, म्हटलं. छातीएवढं? त्याने पुन्हा विचारलं. भरून आलं असेल. अशा वेळी कसं सांगणार?

१ सप्टेंबर
हार्लन आला. दम लागला होता. पान तोडून चुरगळलं, नाकाशी नेलं. मग ट्रककडे गेला आणि एक बादली घेऊन आला. तिच्यात रोप, जेमतेम वीतभर.
"बारा तुला दिले, बारा मी ठेवले होते," म्हणाला. "सहासष्ट वर्षं ओळखतोय तुला, क्लीट."
शेतावर गेलो. त्याला वाकायची मनाई, म्हणून खड्डा मी खणला. सावलीत खणला म्हणून दुसरा खणायला लावला. रोप मात्र त्यानेच गुडघे टेकून लावलं. मी माती दाबायला गेलो, तर माझा हात बाजूला सारला.

९ सप्टेंबर
ऑपरेशन नीट झालं. मी आणि अर्लीन खाटेच्या दोन बाजूंना उभे. हार्लनने डोळे उघडले आणि तिला विचारलं, "क्लीट त्या रोपाजवळ गेला नव्हता ना?"
गेलो नव्हतो. उद्या जाणार होतो.